आपापली धाप

हडपसर सोडून सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे निघालं की दोन्ही बाजूंचे फलक वाचता वाचता करमणूकही होते आणि सामान्य ज्ञानही वाढतं. आज कोणाचा वाढदिवस आहे, भावी सरपंच कोण आहे, एनए प्लॉट कुठे हप्त्याने मिळतो, मटणथाळीबरोबर रस्सा कुठे अमर्याद आहे, हे सगळं गाडी न थांबवता कळतं. याच रांगेत मधूनच एखाद्या जिमचा फलक उभा असतो. त्यावरचा माणूस हवेली तालुक्यातला नसतो. त्याच्या पोटावर सहा चौकोन असतात, घामाचे थेंबही रेखीव असतात आणि चेहऱ्यावरचा राग तर असा की यांची जमीन रिंगरोडमध्ये गेली आणि मोबदला मात्र चुलतभावाने उचलला. खाली लिहिलेलं असतं, ‘हाय इंटेन्सिटी ग्रुप क्लास, सर्वांसाठी’. वाचणारा चित्राकडे पाहतो, मग स्वतःकडे पाहतो. तिथे सहा चौकोन नसतात, एकच वर्तुळ असतं. तो मनाशी ठरवतो, आधी घरच्या घरी थोडं कमी करू आणि मग जाऊ. बारीक होण्यासाठी जिथे जायचं तिथे जाण्याआधी बारीक व्हायचं, हा तर्क आपल्याकडे इतका सर्वमान्य आहे की त्यावर कोणी हसतसुद्धा नाही. माझं म्हणणं एवढंच की फलकावर खोटं काही असेल तर ते चित्र आहे. ‘सर्वांसाठी’ हे शब्द बऱ्याच अंशी खरे आहेत, आणि ते का खरे आहेत हे फलक लावणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसतं.

तीव्र व्यायाम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे वजनं येतात, उड्या येतात आणि शिट्टी वाजवणारा एक माणूस येतो. व्यायामशास्त्र मात्र तीव्रता मोजतं ती हृदयाच्या ठोक्यांवर, आणि हृदय ज्याचं त्याचं असतं. राजबागेत, म्हणजे एकेकाळी जिथे राज कपूरचा मळा होता आणि आता जिथे एमआयटीचं विद्यापीठ आहे तिथे, विशीतला एखादा मुलगा पुस्तकांचं दप्तर घेऊन चार मजले धावत चढेल तेव्हा कुठे त्याला धाप लागेल. गावातल्या निवृत्त गुरुजींना ती पहिल्याच मजल्यावर लागेल. शरीराच्या हिशोबात दोघांनी केलेलं काम सारखंच तीव्र. गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने यासाठी एक मोजपट्टीच करून ठेवली. ती ६ पासून सुरू होते आणि २० वर संपते. ही विचित्र सुरुवात अशासाठी की आकड्याला दहाने गुणलं की निरोगी तरुणाच्या ठोक्यांचा साधारण अंदाज यावा. या पट्टीचं यंत्र नसतं. माणसाला नुसतं विचारायचं, ‘किती जड जातंय?’ आणि तो सांगेल ते लिहून घ्यायचं. ज्याला त्रास होतोय त्याचंच म्हणणं प्रमाण मानणारं शास्त्र विरळाच. याहून सोपी परीक्षा बोलण्याची. मध्यम व्यायामात बोलता येतं पण गाता येत नाही, आणि तीव्र व्यायामात तीनचार शब्दांनंतर श्वासासाठी थांबावं लागतं. पुणे जिल्ह्यात ही परीक्षा जरा काळजीपूर्वक वापरावी लागेल. इथे काही मंडळी ऑक्सिजन संपला तरी वाक्य पूर्ण केल्याशिवाय थांबत नाहीत.

आता हे सगळं सोयीचं तत्त्वज्ञान आहे की त्याला आधार आहे? नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइम शहरात उलरिक विस्लॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसं होती २७, सरासरी वय ७५, आणि सगळ्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यानंतर हृदय कमजोर झालेलं. आपल्याकडे अशा माणसाला घरचे पाण्याचा तांब्याही उचलू देत नाहीत. त्यांतल्या काहींना चार-चार मिनिटं जवळजवळ कमाल ठोक्यांपर्यंत नेलं आणि मध्ये हलक्या चालीची उसंत दिली. बारा आठवड्यांत या गटाची प्राणवायू वापरण्याची क्षमता ४६ टक्क्यांनी वाढली. संथ आणि सलग चालणाऱ्या गटाची वाढली १४ टक्क्यांनी. पण मला यातला सगळ्यांत मोलाचा तपशील वेगळाच वाटतो. या लोकांचा ‘तीव्र’ व्यायाम म्हणजे चढ दिलेल्या ट्रेडमिलवर चालणं होतं. त्यात उडी नाही की वजन नाही. फलकावरचा तो रागीट माणूस त्या चालीने चालला असता तर त्याला फोनवर बोलता आलं असतं, आणि पंचाहत्तरीच्या आजोबांना मात्र ‘हो’ एवढंच म्हणता येत होतं.

प्रामाणिकपणे पुढचंही सांगायला हवं, कारण अशी एक आकडेवारी हाती लागली की लोक तिची दिंडी काढतात. २०१७ साली हाच प्रश्न घेऊन युरोपातल्या नऊ केंद्रांमध्ये २६१ रुग्णांवर मोठी चाचणी झाली आणि तीव्र व्यायाम मध्यम व्यायामापेक्षा सरस ठरला नाही. का ठरला नाही याची एक बाजू फार माणुसकीची आहे. ज्यांना जोरात करा म्हणून सांगितलं होतं त्यांतले ५१ टक्के ठरवून दिलेल्या मर्यादेच्या खाली राहिले, आणि ज्यांना सावकाश करा म्हणून बजावलं होतं त्यांतले ८० टक्के मर्यादेच्या वर गेले. युरोपातला शिस्तीचा माणूस, समोर डॉक्टर, छातीवर ठोके मोजणारं यंत्र, आणि तरीही ज्याने त्याने सांगितल्याच्या उलट केलं. म्हणून तीव्र व्यायाम हा चमत्कार आहे असं मी म्हणत नाही. म्हणणं इतकंच की तो कमजोर माणसाला वर्ज्य नाही, आणि सूचना काहीही असो, शरीर शेवटी आपल्या झेपेल त्या जागी येऊन थांबतं. वर्ग चांगला असेल तर हे थांबणं तो गृहीत धरतो.

वाईट वर्ग ते गृहीत धरत नाही, आणि बदनामी होते ती त्याच्यामुळे. तिथल्या भिंतीवर ‘टबाटा’ असं लिहिलेलं असतं आणि खाली चाळीस बर्पी. इझुमी टबाटा या जपानी संशोधकाचा तो १९९६ चा प्रयोग व्यायामशिक्षण शिकणाऱ्या तरण्याताठ्या मुलांवर झाला होता. वीस सेकंद जीव तोडून सायकल, दहा सेकंद विश्रांती, पुन्हा वीस, असं दम संपेपर्यंत. तो जसाच्या तसा बँकेतून निवृत्त झालेल्या गृहस्थांना लावायचा तर जिमच्या दारात रुग्णवाहिका कायमची उभी करावी लागेल. बर्पीची गोष्ट तर आणखी मजेची. रॉयल बर्पी नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात ती हालचाल शोधली ती माणसाची तंदुरुस्ती झटकन तपासण्यासाठी, आणि ती करायची होती फक्त चारदा. चारदा करायची, नाडी बघायची आणि घरी जायचं. पुढे ती सैन्यात गेली, तिथून जिममध्ये आली, आणि आज लोक ती चाळीसदा करून बर्पी साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. बिचाऱ्याचा गुन्हा एकदशांशच होता.

पण लोणी काळभोरात उभं राहून जपान आणि अमेरिकेकडे पाहण्याचं कारण काय? ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून निघालेली तुकोबारायांची पालखी पुण्याचा मुक्काम आटोपते, हडपसरला माऊलींची पालखी सासवडच्या वाटेने दिवे घाटाकडे वळते आणि तुकोबांची सरळ सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला मुक्कामाला येते. सर्व वयांच्या, सर्व ताकदींच्या लोकांनी एकत्र केलेला एवढा मोठा शारीरिक उपक्रम जगात शोधून सापडणं कठीण आहे. त्यात नांगर धरणारे हात असतात, गुडघे गेलेल्या आजी असतात, आयटी पार्कातून एका दिवसाची रजा टाकून आलेले आणि त्या एका दिवसाचे तीनशे फोटो काढणारे असतात. कोणीही कोणाला प्रवेशासाठी वजन विचारत नाही. व्यायामशास्त्रज्ञ इथे हरकत घेईल की चालता चालता अभंग गाता येतात, म्हणजे बोलण्या-गाण्याच्या परीक्षेत ही चाल मध्यमसुद्धा ठरत नाही. शास्त्राचा मान राखून ते मान्य करू. पुण्याहून लोणीपर्यंतचं वीसेक किलोमीटरचं अंतर टाळ वाजवत आणि गात येणारे लोक ही परीक्षा तयार करताना कोणाच्या डोळ्यांपुढे नव्हते, एवढं फक्त नोंदवू.

शिवाय वारीत तीव्रतेचीही सोय आहे. पालखी इंदापूर तालुक्यात पोचली की बेलवाडीला पहिलं गोल रिंगण होतं. आधी झेंडेकरी धावतात, मग डोक्यावर तुळस आणि हंडे घेतलेल्या बायका, मग टाळकरी, पखवाजवाले, विणेकरी आणि शेवटी अश्व. एक गट धावतो तेव्हा बाकीचे उभे राहून गजर करतात. थोडा वेळ जीव खाऊन पळायचं, मग दम खायचा, मग फुगडी, मग पुन्हा उसंत. जिममध्ये याच क्रमाचे महिन्याला दोन-तीन हजार रुपये घेतात. या रिंगणात तुळस घेतलेली सत्तरीची आजी पळते ते बघण्यासारखं असतं, कारण घड्याळ लावलं तर ते पळणं चालण्याच्या फार पुढे जात नाही. पण तिचा श्वास पाहिला तर तिथे काटकसर नसते. तिच्यापुढे तिची नात दुप्पट वेगाने निघून जाते आणि आजी हरली असं त्या हजारोंच्या गर्दीत एकालाही वाटत नाही. सर्वांसाठीचा वर्ग कसा असावा याची यापेक्षा चांगली व्याख्या एखाद्या फिटनेस कंपनीने केली असेल तर ती अजून माझ्या वाचनात आलेली नाही.

बायकांनी तर हे घरातल्या घरात करून ठेवलं होतं. श्रावणातल्या मंगळागौरीचे खेळ कोणी व्यायामाच्या वहीत लिहून बघावेत. उभी फुगडी म्हणजे अर्धा-पाऊण मिनिट पूर्ण ताकद, नंतर भिंतीला टेकून हसायचं आणि तेवढ्यात पुढची जोडी उतरते. ज्यांना गरगर सोसत नाही त्यांना झिम्मा, ज्यांच्या मांड्यांत जोर आहे त्यांना बसफुगडी, ज्यांच्या कमरेत लय आहे त्यांना पिंगा, आणि ज्यांचं सगळंच दुखतं त्यांना गाणी म्हणायचं आणि ‘आमच्या वेळी आम्ही पहाटेपर्यंत खेळायचो’ असं दर दहा मिनिटांनी सांगायचं काम. बसफुगडीत तर खरोखर कोणाही धट्ट्याकट्ट्या पुरुषाला उतरवून पाहावं. तिसऱ्या उडीला त्याला आपण नैवेद्याच्या तयारीला मदत करायला हवी होती हे आठवेल. एकाच खोलीत नवी नवरी, तिची सासू आणि सासूची सासू एकाच वेळी आपापल्या शिखरावर पोचतात, आणि यात कोणी प्रशिक्षक नसतो. आता हेच खेळ सोसायटीच्या हॉलमध्ये ‘झुंबा’ म्हणून सुरू झाले की त्याच घरातला मुलगा म्हणतो, ‘आई, या वयात तुला झेपणार आहे का?’

गटाचा फायदा खरोखर होतो का, हाही प्रश्न रास्त आहे. मॅक्स रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून मोजलं होतं. आठजण एकत्र ओढू लागले की माणशी जोर एकट्याच्या निम्म्यावर येतो, असं त्याला आढळलं. सार्वजनिक मंडळात काम केलेल्या कोणालाही हे मोजायची गरज पडली नसती. मंडप उभारताना बांबूला हात लावलेले वीस आणि बांबू पेलणारे चार, हे प्रमाण पिढ्यान् पिढ्या टिकून आहे. पण याच्या उलटही एक शोध आहे. १९२० च्या दशकात ऑटो कोलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने बर्लिनच्या नौकानयन मंडळातल्या गड्यांना एकाच दांड्याला जोडून वजन उचलायला लावलं. एकाने सोडलं की दुसऱ्यालाही थांबणं भाग. तेव्हा दोघांतला कमजोर गडी एकट्याने टिकला असता त्यापेक्षा जास्त वेळ टिकला. अट मात्र अशी की दोघांच्या ताकदीत फरक असावा, पण फार नसावा. म्हणजे दोर ओढताना कामचुकारपणा येतो, कारण कोण किती ओढतंय ते दिसत नाही, आणि दांड्याला जोडल्यावर तो जातो, कारण लगेच दिसतं. व्यायामाच्या वर्गात प्रत्येकाचं दिसतं. शेजारची बाई गुडघ्यापर्यंतच वाकतेय हे दिसतं, तीही थांबली नाही हेही दिसतं, आणि मग आपणही आणखी दोन बैठका मारतो. फलकावरच्या त्या महापुरुषाशेजारी उभं केलं असतं तर त्या दोन बैठका मारल्या नसत्या, सरळ घरी गेलो असतो. म्हणून सर्व प्रकारच्या माणसांची सरमिसळ ही वर्गाची अडचण नसून सोय आहे. प्रत्येकाला आपल्यापेक्षा थोडंसंच बरं असलेलं कोणीतरी सापडतं.

यावर सगळ्यांत प्रामाणिक आक्षेप लाजेचा आहे, आणि तो बहुतेक वेळा तब्येतीच्या आक्षेपाचे कपडे घालून येतो. ‘गुडघे दुखतात’ याचा अर्थ पुष्कळदा ‘लोक बघतात’ असा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ मधल्या अंदाजानुसार भारतातल्या प्रौढांपैकी निम्म्या लोकांची पुरेशी हालचाल होत नाही. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के आणि स्त्रियांत ५७ टक्के. हा पंधरा टक्क्यांचा फरक आळसाचा असेल असं म्हणणाऱ्याने एक दिवस घरातली धुणीभांडी करून दाखवावी. गावाच्या रस्त्यावर किंवा कालव्याच्या कडेने एकटी बाई पंजाबी ड्रेस आणि बूट घालून धावायला लागली की किमान चार माणसं विचारतात, ‘काय झालं, कोणी मागे लागलंय का?’ आणि पाचवा तिच्या घरी कळवतो. तीसजणी एका हॉलमध्ये एकदम उड्या मारू लागल्या की विचारायचं कोणाला आणि कळवायचं कोणाकडे? सगळ्यांचंच हसं होतं तेव्हा कोणाचंच होत नाही. शिवाय ज्या वर्गात सगळेच धापा टाकताहेत, तिथे दुसऱ्याकडे बघायला लागणारी ताकद कोणाकडेच उरत नाही. मंद संगीतावर सावकाश चालणाऱ्या वर्गात ती भरपूर उरते आणि तिचा विनियोग कसा होतो हे सांगायला नको.

दुसरा आक्षेप हृदयाचा, आणि इथे थट्टा थांबवून आकडे मांडायला हवेत. कोणीतरी जिममध्ये कोसळल्याची बातमी येते आणि दुसऱ्या दिवशी कट्ट्यावरचे सगळे न हलणारे लोक आपापल्या दूरदृष्टीबद्दल एकमेकांचं अभिनंदन करतात. नॉर्वेतल्या तीन हृदयरोग पुनर्वसन केंद्रांनी ४,८४६ रुग्णांच्या व्यायामाचा हिशोब २०१२ साली मांडला. मध्यम व्यायामाच्या १,२९,४५६ तासांत एक हृदय बंद पडलं आणि त्यात मृत्यू झाला. तीव्र व्यायामाच्या ४६,३६४ तासांत दोन हृदयं बंद पडली आणि दोन्ही रुग्ण वाचले. तासागणिक धोका तीव्र व्यायामात जास्त दिसतो, हे लपवायचं कारण नाही. पण ही आधीच हृदयविकार असलेली माणसं होती, आणि तरीही धोका हजारो तासांत एखादाच. मात्र ती तपासून घेतलेली आणि देखरेखीखाली व्यायाम करणारी होती, हे विसरून चालणार नाही. ज्याला छातीत दुखतं, चढावर अंधारी येते, ज्याला रक्तदाब किंवा मधुमेह आहे, किंवा जो दहा वर्षांत खुर्चीवरून फक्त जेवायला उठला आहे, त्याने आधी डॉक्टरकडे जावं आणि पहिले काही आठवडे हलकेच घालवावेत. वर्गात नाव घालताना प्रकृतीबद्दल एकही प्रश्न न विचारता थेट यूपीआयचा कोड पुढे करणाऱ्याकडे तर कोणीच जाऊ नये.

‘मला कशाला, मी तर सडपातळ आहे’ म्हणणाऱ्यांसाठी पुण्यातच एक सुंदर पुरावा आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच जोडी छापली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, म्हणजे कागदावर दोघेही सारखेच सडपातळ. आतली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. एवढ्या मोठ्या नियतकालिकात देशाच्या वतीने आपली चरबी जाहीर करणाऱ्या या पुणेकराचे उपकार मानायला हवेत. भारतीय माणूस बारीक दिसतो तेव्हाही आत साठवत असतो, हे त्यांनी दोन आकड्यांत सांगितलं. ‘आम्ही शेतकरी, आम्हाला वेगळा व्यायाम कशाला’ हेही असंच. जो खरोखर शेतात राबतो त्याला वर्गाची नव्हे, विश्रांतीची गरज आहे. ऊसतोडीच्या कामात जोर कितीही लागो, वेग मुकादम ठरवतो आणि दमलं म्हणून थांबायची मुभा नसते. वर्गाचं सगळं शहाणपण त्या मुभेत आहे. पण आज लोणी-थेऊरच्या पट्ट्यात ‘आम्ही शेतकरी’ म्हणणारे कितीतरीजण सकाळी मोटारसायकलवर बसून हडपसरच्या ऑफिसात जातात, दिवसभर खुर्चीत बसतात आणि रात्री आजोबांच्या नांगरटीला शोभेल असं जेवतात. नांगर गेला, पण ताट तेवढंच राहिलं.

राहिला ज्यांच्या शरीराला खरोखर काही मर्यादा आहेत त्यांचा प्रश्न. इथे मुरलीकांत पेटकरांचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. सैन्यातला मुष्टियोद्धा, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अधू झालेला, उपचार म्हणून पोहू लागलेला आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक घेणारा हा माणूस. पण असामान्य माणसाचं उदाहरण देऊन सामान्य माणसाला लाजवायचं ही भाषणबाजांची खोड आहे, तेव्हा त्यापेक्षा रोजच्या वर्गाचं उदाहरण घेऊ. मुंबईत शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी वर्षानुवर्षं मल्लखांब शिकवला आणि शिकणाऱ्यांत दृष्टिहीन मुलीही होत्या. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या खांबाकडे डोळस माणूस नुसता बघून घाम पुसतो, त्यावर न दिसणारी मुलगी चढते ती हाताच्या आणि पायाच्या स्पर्शाने. यात प्रयत्नाइतकाच शिकवण्याचाही भाग आहे. कोणाला काय येत नाही हे मोजत बसण्याऐवजी त्याला काय येतं तिथून हा शिक्षक सुरुवात करतो. उडी झेपत नसेल तर पाऊल बाजूला टाकायचं, जमिनीवरचे जोर झेपत नसतील तर भिंतीवर काढायचे, उभं राहता येत नसेल तर खुर्चीत बसून हात चालवायचे. तालमीतला जुना वस्ताद नव्या पोराला पहिल्या दिवशी शंभर जोर काढायला लावत नव्हता, लाल मातीत बसवून बघायला लावत होता. ही अक्कल परदेशातून मागवावी लागत नाही, फक्त वापरावी लागते.

तेव्हा लोणी काळभोरातल्या किंवा कुठल्याही गावातल्या वाचकाने फलकावरच्या त्या रागीट गृहस्थाकडे दुर्लक्ष करून एक दिवस वर्गाच्या दारात जावं आणि शिकवणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा, ‘मला हे जमलं नाही तर त्याऐवजी काय करू?’ तो लगेच वाकून दुसरा प्रकार करून दाखवू लागला, तर बिनधास्त आत जा. ‘जमेल हो काका, सगळ्यांना जमतं’ असं म्हणाला, तर चपला पायात घाला. आणि उत्तर कितीही आवडलं तरी वर्षाची फी एकदम भरू नका. पहिली एक महिन्याचीच भरा.